आरबी२६ इंजिनाची पुनर्बांधणी: गाडीत बसवण्यापूर्वी तेलाच्या वाटेवर काय काय पाहावे?

मेलबर्नकर_आर३२ (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे १९९० सालची निसान स्कायलाइन जीटी-आर, म्हणजे आर३२, आहे. ही गाडी जपानमधून वापरलेली म्हणून ऑस्ट्रेलियात आली आणि तिच्यात मूळचेच आरबी२६डीईटीटी इंजिन आहे: एका रांगेत सहा सिलिंडर, २५६८ सीसी, ८६ मिलिमीटर बोअर, ७३.७ मिलिमीटर स्ट्रोक, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड आणि दोन टर्बो. कारखान्याने जाहीर केलेली शक्ती २८० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) होती. पण जिम रिचर्ड्स आणि मार्क स्कैफ यांनी १९९१ आणि १९९२ या लागोपाठच्या वर्षी याच गाडीने बाथर्स्ट १००० ही शर्यत जिंकली, तेव्हापासून या देशात या इंजिनाकडे त्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक अपेक्षेने पाहिले जाते. माझीही अपेक्षा तशीच आहे, मात्र ती बेताची आहे. चाकांवर सुमारे ३०० किलोवॅट, फेऱ्यांची मर्यादा मूळच्याप्रमाणे ८००० आणि वापर रस्त्यावरचा, अधूनमधून ट्रॅकवरचा.

ट्रॅकवर एका लांब उजव्या वळणात ऑईल प्रेशरचा काटा खाली गेला आणि वळण संपताच पुन्हा वर आला. इंजिन तिथेच बंद करून गाडी ओढून आणली. उघडल्यावर दिसले ते असे: मेन बेअरिंगांचा (क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा ज्यांत फिरतो त्यांचा) वरचा थर मागच्या बाजूच्या जर्नलवर (क्रँकच्या बेअरिंगात फिरणाऱ्या गोल भागावर) झिजून तांबे दिसू लागले आहे, ऑईल पंपाच्या आतल्या गिअरच्या एका कोपऱ्यावर केसासारखी बारीक चीर आहे, आणि सिलिंडर वरच्या टोकाला थोडे लंबगोल झाले आहेत. क्रँकला चीर नाही हे चुंबकीय तपासणीत दिसले आहे व जर्नल पॉलिश करून वापरता येतील असे मशिन शॉपचे मत आहे. ब्लॉक ८६.५ मिलिमीटरपर्यंत बोअर करून फोर्ज्ड पिस्टन घालावेत असा त्यांचा सल्ला आहे.

आता मशिनिंग सुरू होण्यापूर्वी मला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. क्रँकच्या पुढच्या टोकावर ऑईल पंप चालवणारा भाग जुन्या पद्धतीचा, आखूड आहे. तो तसाच ठेवून केवळ चांगला पंप घातला तर चालेल का? हेडमध्ये जाणारे तेल कमी करावे असे सगळे सांगतात, पण किती कमी करावे यावर दोघांचे एकमत आढळत नाही. आणि तिसरे म्हणजे, इंजिन स्टँडवर असेपर्यंतच उरकायला हवीत अशी कामे कोणती, कारण या गाडीत पुढचा डिफरन्शियल ऑईल चेंबरलाच (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला) जोडलेला असल्यामुळे एकदा इंजिन आत गेले की चेंबर पुन्हा उतरवणे फार कष्टाचे आहे. अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती.

ऑकलंड_मशिनशॉप

नमस्कार. इंजिन मशिनिंग हाच माझा व्यवसाय आहे आणि न्यूझीलंडमध्ये जपानी आयात गाड्या भरपूर असल्यामुळे आरबी मालिकेची इंजिने आमच्याकडे नेहमी येतात. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: केवळ पंप बदलून चालणार नाही, क्रँकचे टोकही दुरुस्त केले पाहिजे. त्याचे कारण समजून घेतले तर हा खर्च टाळावासा वाटणार नाही.

या इंजिनात ऑईल पंप क्रँकच्या पुढच्या टोकावरच बसतो. आतल्या गिअरला दोन सपाट बाजू असतात आणि क्रँकवर तशाच दोन सपाट बाजू कोरलेल्या असतात. सगळा जोर त्यांच्यावरूनच जातो. सुरुवातीच्या आर३२ क्रँकवर या सपाट बाजू इतक्या अरुंद आहेत की गिअरच्या पूर्ण रुंदीला त्या टेकत नाहीत, आणि पुढे निसाननेच तो भाग रुंद केला. आता क्रँक हा काही ताठ दांडा नव्हे. प्रत्येक स्फोटाच्या धक्क्याने तो पिळला जातो व परत उलगडतो, आणि सहा सिलिंडरांच्या लांब क्रँकमध्ये हे पिळणे पुढच्या टोकाला सर्वांत जास्त जाणवते. म्हणजे पंपाचा गिअर नुसता फिरत नसतो, त्याला प्रत्येक फेरीत उलटसुलट ठोके बसत असतात. रेव्ह लिमिटरवर (फेऱ्या मर्यादेबाहेर जाऊ न देणाऱ्या यंत्रणेवर) इंजिन आपटत राहिले की हे ठोके फार वाढतात, आणि मूळचा गिअर धातूची पूड दाबून, भाजून बनवलेला असल्यामुळे तो वाकत नाही, थेट तडकतो. आपल्या गिअरच्या कोपऱ्यावरची चीर हीच कथा सांगते आहे. तो आणखी थोडा काळ चालला असता तर तुकडे झाले असते, आणि मग बेअरिंगे बदलून भागले नसते.

दुरुस्ती अशी करतात: क्रँकचे टोक खरादून कमी करायचे, त्यावर रुंद सपाट बाजू असलेली पोलादी कॉलर गरम करून घट्ट बसवायची आणि शेवटी ग्राइंड करून माप आणायचे. काम नाजूक आहे, कारण कॉलर मध्यरेषेशी समकेंद्री नसेल तर पंपाचा गिअर फिरताना बाजूला दाबला जातो. कॉलर बसल्यावर क्रँक व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल इंडिकेटरने त्या टोकाचे डोलणे मोजून घ्या आणि आकडा मशिन शॉपकडून लेखी मागा. पंपात अखंड पोलादातून कातलेला गिअर असावा. पंपाच्या मागच्या पत्र्याचे स्क्रू कारखान्यातून आले तसे ठेवू नका. काढून, आटे स्वच्छ करून, थ्रेडलॉक लावून पुन्हा आवळा, कारण ते सैल झाल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत. क्रँकपुलीचा डँपर मूळचाच असेल तर तोही बदला. तीस वर्षांत त्यातले रबर कडक होऊन सुटू लागते आणि मग वर सांगितलेले पिळणे थोपवायला कोणीच उरत नाही. माझ्या मते नवा डँपर हा ऑईल पंपाचाच भाग समजून विकत घ्यावा.

आता हेडमधले तेल. या ब्लॉकमधून हेडला तेल दोन ठिकाणांहून वर जाते. जास्त फेऱ्यांवर पंप इतके तेल वर पाठवतो की हेडमधून खाली येणाऱ्या वाटा त्याला पुऱ्या पडत नाहीत. त्यातच पिस्टनच्या रिंगांवरून निसटलेला वायू चेंबरमधून वर जाण्यासाठी त्याच वाटा वापरतो, त्यामुळे खाली येऊ पाहणारे तेल अडून राहते. कॅम कव्हरखाली तेल साचते, चेंबरमधली पातळी घटते, आणि लांब वळणात उरलेले तेल एका कडेला सरकले की स्ट्रेनर (तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाची जाळी) हवा ओढू लागतो. आपल्या गेजचा काटा वळणात खाली गेला तो बहुधा यामुळेच. म्हणून नुसता जास्त तेल ढकलणारा मोठा पंप घातला, तर हा दोष कमी होत नाही, वाढतो.

आम्ही सहसा एक वाट बंद करतो आणि दुसरीत १.५ मिलिमीटर छिद्राचा रेस्ट्रिक्टर (वाट अरुंद करणारा तुकडा) घालतो. आरबी२६ मध्ये टॅपेट (कॅम आणि झडप यांमधले भाग) हायड्रॉलिक नसून शिम घातलेले घन बकेट आहेत, त्यामुळे हेडला फक्त कॅमच्या वंगणापुरते तेल लागते. हाच आकडा हायड्रॉलिक टॅपेट असलेल्या आरबी२० किंवा आरबी२५ ला लावू नये. त्याच्या जोडीने परतीची छिद्रे कडा मोडून गुळगुळीत करावीत, हेडच्या मागच्या टोकापासून चेंबरपर्यंत एक जाड नळी द्यावी, आणि चेंबरमध्ये झडपांचे बॅफल (तेल एका कडेला सरकू न देणारे पडदे) बसवून क्षमता वाढवावी. नळीचे चेंबरकडचे टोक तेलाच्या पातळीच्या वर, क्रँकच्या फिरण्याने उडणाऱ्या तेलापासून दूर उघडले पाहिजे. चुकीच्या जागी जोडलेली नळी तेल खाली आणण्याऐवजी वर पाठवते.

पुणे_टेस्टबेड

ऑकलंडच्या मित्रांनी लिहिलेले बहुतेक सर्व मला मान्य आहे. मी पुण्यात इंजिन चाचणीच्या क्षेत्रात काम करतो. आरबी२६ प्रत्यक्ष हाताळण्याचा प्रसंग थोडा आला, पण बेअरिंगे आणि रिंगा कशाने जातात हे रोज पाहतो. एका मुद्द्यावर मात्र मला सावधगिरी सुचवावीशी वाटते. रेस्ट्रिक्टरचा आकडा एकटा ठरवता येत नाही. आपण तेल किती दाट वापरणार आणि मेन बेअरिंगची फट किती ठेवणार, यावर हेडला प्रत्यक्षात किती दाब मिळेल हे अवलंबून असते. गाडी रस्त्यावर चालणार आहे, म्हणजे उन्हाळ्यात वाहतुकीत गरम तेलावर, कमी फेऱ्यांवर ती बराच वेळ उभी राहणार आहे. अशा वेळी एकच, १.५ पेक्षाही लहान छिद्र ठेवले तर कॅमच्या जर्नलना उपास घडतो. म्हणून १.५ च्या खाली जाऊ नये आणि हेडच्या गॅलरीला (तेलाच्या आतल्या वाटेला) तात्पुरता दाबमापक जोडून पहिल्या चाचणीत गरम इंजिनावर आकडा पाहून घ्यावा, असे मला वाटते.

यापेक्षाही महत्त्वाचा विषय मोजमापाचा आहे. नवी बेअरिंगे खोक्यातून काढून बसवली आणि प्लॅस्टिगेजची (दबून फट दाखवणाऱ्या मऊ धाग्याची) पट्टी दाबून पाहिली, एवढ्याने काम झाले असे मानू नये. मेन कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळून, आत बेअरिंगे बसवून, बोअर गेजने आतला व्यास घ्यावा; क्रँकचा जर्नल मायक्रोमीटरने घ्यावा; आणि बोअर गेज त्याच मायक्रोमीटरवर शून्य करावे, म्हणजे दोन उपकरणांतला फरक मोजमापात शिरत नाही. क्रँक, ब्लॉक आणि उपकरणे रात्रभर एकाच खोलीत ठेवून मगच मोजावे. ज्या मापांत मिलिमीटरचा शंभरावा भाग निर्णायक ठरतो, तिथे उन्हात ठेवलेला ब्लॉक खोटे बोलतो. वेगवान इंजिनांसाठी जर्नलच्या व्यासाच्या सुमारे एक सहस्रांश फट हा जुना आणि अजूनही उपयोगी ठोकताळा आहे. आपले मेन जर्नल ५५ मिलिमीटरच्या आसपास असल्याने ०.०५५ मिलिमीटर, आणि ४८ मिलिमीटरच्या कनेक्टिंग रॉड जर्नलला ०.०४८ ते ०.०५०. प्रत्येक जर्नलला दोन दिशांनी माप घेऊन वहीत लिहा. सातही मेन जर्नलचे आकडे एकमेकांजवळ असणे हे एकाच जर्नलवर आदर्श आकडा मिळण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

मेन कॅपचे मूळ बोल्ट काढून त्या जागी स्टड घालणार असाल तर लाइन होनिंग (मेन बेअरिंगांच्या सर्व जागा एका रेषेत घासून गोल करणे) करून घेणे टाळता येणार नाही. स्टडचा दाब वेगळा पडतो, त्यामुळे कॅप वेगळ्या तऱ्हेने दबते आणि बेअरिंगांचा बोगदा गोल राहत नाही. त्यानंतर ब्लॉकवर आणि क्रँकवर निसानने ठोकलेले ग्रेडचे अंक बेअरिंग निवडायला उपयोगी पडणार नाहीत, प्रत्यक्ष माप हेच खरे. सिलिंडर होन करताना टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावलीच पाहिजे, आणि ती लावताना जे स्टड व ज्या प्रकारचे गॅस्केट शेवटी वापरणार तेच वापरले पाहिजे. हेड आवळल्यावर सिलिंडरच्या भिंती किंचित वाकतात. प्लेट न लावता गोल केलेला सिलिंडर जोडणीनंतर गोल राहत नाही. ८६.५ पर्यंत जाण्याआधी अल्ट्रासोनिक उपकरणाने भिंतींची जाडी तपासावी, कारण ओतकामात गाभा किंचित सरकलेला असेल तर एका बाजूची भिंत पातळ निघते.

पिस्टनच्या मिश्रधातूबद्दल आधी विचारून घ्या. २६१८ या मिश्रधातूत सिलिकॉन जवळजवळ नसते. तो चिवट असतो, डेटोनेशनचा (इंधन अवेळी भडकण्याचा) मार अधिक सोसतो, पण तापल्यावर जास्त फुगतो म्हणून त्याला भिंतीशी अधिक फट द्यावी लागते आणि थंड इंजिनात तो थोडा खडखडतो. ४०३२ मध्ये सुमारे बारा टक्के सिलिकॉन असल्यामुळे तो कमी फुगतो, शांत चालतो, पण अधिक ठिसूळ असतो. चाकांवर ३०० किलोवॅट आणि ट्रॅकचा वापर पाहता मी २६१८ घेईन. फट मात्र पिस्टन बनवणाऱ्याने दिलेलीच ठेवावी आणि त्याने सांगितलेल्या उंचीवरच, पिनच्या काटकोनात, पिस्टन मोजावा.

रिंगांच्या टोकांमधली फट टर्बो इंजिनात थोडी जास्तच ठेवावी. बोअरच्या दर मिलिमीटरला ०.००५ मिलिमीटर धरले तर ८६.५ साठी वरच्या रिंगेला ०.४३ येते, आणि दुसऱ्या रिंगेला त्याहून किंचित अधिक ठेवतात, म्हणजे दोन रिंगांमध्ये अडकलेला वायू वरच्या रिंगेला उचलत नाही. फट थोडी जास्त झाली तर जरासा वायू निसटेल, इतकेच. फट कमी पडून तापलेल्या रिंगेची टोके एकमेकांना भिडली, तर रिंग सिलिंडरला खरडते आणि पिस्टनची वरची कड उचकटते.

कनेक्टिंग रॉडचे बोल्ट टॉर्क पान्याच्या आकड्यावर सोडू नका. लावलेल्या जोराचा मोठा हिस्सा घर्षणात जातो आणि आट्यांवर साधे तेल आहे की बोल्ट बनवणाऱ्याची पेस्ट आहे यावर तो हिस्सा बदलतो. म्हणून बोल्टची सुटी लांबी मोजून, आवळल्यावर तो किती ताणला गेला हे स्ट्रेच गेजने पाहावे. आकडा बोल्टसोबतच्या कागदावर दिलेला असतो. सुटी लांबी वहीत जपून ठेवली, तर पुढे कधी इंजिन उघडल्यावर बोल्ट कायमचा लांबला आहे का हे कळते.

योकोहामा_निवासी

मोजमापावर वरील दोघांनी लिहिले आहे, मी फक्त सुट्या भागांविषयी थोडे लिहितो. निसानने २०१७ च्या अखेरीस आर३२ जीटी-आरसाठी निस्मो हेरिटेज या नावाने बंद पडलेले भाग पुन्हा उपलब्ध करून द्यायला सुरुवात केली आणि पुढे ही सोय आर३३ व आर३४ लाही मिळाली. त्यामुळे होज, सील, वायरिंगचे तुकडे असे भाग जुन्या गाड्यांतून काढून वापरण्याची वेळ आता पूर्वीइतकी येत नाही. भाग मागवताना गाडीचा चासिस क्रमांक आणि निर्मितीचा महिना दोन्ही द्यावेत, कारण आर३२ च्या उत्पादनकाळात बरेच भाग मध्येच बदलले आहेत. क्लच हे त्याचे ठळक उदाहरण: सुरुवातीच्या गाड्यांत रिलीज बेअरिंग ढकलणारे आहे, नंतरच्या गाड्यांत ओढणारे. गिअरबॉक्स कधी बदलला गेला असेल तर वर्षावरून अंदाज करण्यात अर्थ नाही, फोर्क डोळ्यांनी पाहूनच क्लच मागवावा.

एन१ नावाचा मूळ शर्यतीसाठीचा ऑईल पंप अजून अनेकजण सुचवतात. त्याने प्रवाह वाढतो, पण त्याचा गिअरही तडकल्याची उदाहरणे आहेत. ऑकलंडच्या मित्रांनी सांगितलेला अखंड पोलादाचा गिअर हाच योग्य मार्ग वाटतो.

कोल्हापूर_रिबोअर

नमस्कार मंडळी. आमच्या घरात रिबोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचे काम वडिलांपासून चालत आले आहे. जीटी-आर आमच्या दारात आलेली नाही, पण बेअरिंग गेलेली टर्बो इंजिने पुष्कळ आली आहेत, आणि त्यांतली काही दुसरीकडे नवी करून घेतल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा त्याच दुखण्याने आलेली होती. उघडल्यावर कारण बहुतेक वेळा एकच निघाले: जुन्या बेअरिंगची पूड तेलाच्या वाटेत कुठेतरी शिल्लक राहिलेली होती. म्हणून मला तिसऱ्या प्रश्नावर लिहायचे आहे.

ऑईल कूलर फेकून द्या. कितीही धुतला, वाफ मारली, उलटसुलट द्राव सोडला तरी त्याच्या आतल्या पातळ पट्ट्यांमध्ये अडकलेली पूड पूर्ण निघत नाही, आणि नव्या इंजिनाचे तेल तापून पातळ झाले की ती सुटते. तेलाच्या लवचीक नळ्यांचेही तेच. टर्बोंना तेल पुरवणाऱ्या बारीक नळ्या आणि त्यांचे पोकळ बोल्ट नवे घ्या. टर्बो स्वतः एकदा उघडून त्यांची बेअरिंगे पाहून घ्या, कारण जे तेल क्रँकला मिळाले तेच त्यांनाही मिळाले आहे. आर३२ च्या मूळ टर्बोंमध्ये टर्बाइनचे चाक सिरॅमिकचे असते आणि बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) वाढवला की ते निखळण्याची भीती असते, असे वाचले आहे. ३०० किलोवॅटसाठी तसेही पोलादी चाकांचे टर्बो लागतील.

ब्लॉक मशिनिंगहून परत आल्यावर तो स्वच्छ दिसतो, पण तसा नसतो. गॅलरीच्या टोकांचे सगळे प्लग काढायला सांगा. ते काढलेच नसतील तर आतला कचरा आतच आहे. प्रत्येक वाटेतून लांब नायलॉन ब्रश, गरम पाणी आणि साबण फिरवा, क्रँकच्या तिरप्या छिद्रांतूनही फिरवा. होनिंगची धूळ केरोसीन किंवा पेट्रोलने जात नाही, ती साबणाच्या पाण्यानेच उचलली जाते. सिलिंडर धुतल्यावर पांढरे कापड तेलात बुडवून भिंतीवर घासा. कापडावर करडा डाग येत असेल तोवर पुन्हा धुवा. मग लगेच हवा मारून तेलाचा हात द्या, कारण ओतीव लोखंडाला पाण्यानंतर गंज चढायला फार वेळ लागत नाही. त्यानंतर सगळे प्लग नवे, पाण्याच्या बाजूचे वेल्श प्लगही नवे.

स्टँडवर असतानाच उरकायच्या गोष्टींत चेंबरचे काम सर्वांत आधी येते. बॅफल, मागच्या नळीचा जोड, तापमान मापकाचा जोड, हे सगळे वेल्डिंग आताच करून घ्या आणि वेल्डिंगनंतर चेंबरची वरची कड सपाट आहे का ते सरळपट्टीने पाहा. पुढच्या डिफरन्शियलचा आस चेंबरमधून आरपार जातो, म्हणून त्या नळकांड्याजवळ वेल्डिंगच्या उष्णतेने वाकल्यास सील गळू लागतात. बसवताना स्ट्रेनर आणि चेंबरच्या तळातले अंतर मातीचा गोळा ठेवून तपासा.

इनटेक मॅनिफोल्डच्या खालचा भाग इंजिन आत गेल्यावर हाताला लागत नाही. तिथले नॉक सेन्सर, हीटरच्या आणि टर्बोच्या पाण्याच्या नळ्या, सगळ्या क्लिपांसह नव्या घाला, वायरिंगचे कनेक्टर ठिसूळ झाले असतील तर तेही बदला. टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि टेन्शनरचा स्टड, पाण्याचा पंप, क्रँकचे पुढचे-मागचे सील, गिअरबॉक्सच्या दांड्याचा पायलट बुश, यांपैकी कशावरही आता पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

मेलबर्नकर_आर३२

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मशिन शॉपशी बोलून काम असे ठरवले आहे: क्रँकला रुंद कॉलर, अखंड पोलादाचा पंप गिअर, नवा डँपर, २६१८ चे पिस्टन ८६.५ मध्ये, टॉर्क प्लेटसह होनिंग. मेन कॅपला स्टड घालणार आहे, त्यामुळे लाइन होनिंगही होईल. भिंतींची जाडी मोजून झाली आणि सहाही सिलिंडर सुरक्षित आहेत. हेडला एकच वाट आणि १.५ चा रेस्ट्रिक्टर ठेवतो, गॅलरीला दाबमापकही जोडतो. कूलर आणि नळ्या नव्या मागवल्या आहेत.

एक प्रश्न राहतो. ब्लॉक आणि हेड दोन्ही सपाट करताना थोडे साहित्य निघणार आहे. त्याने झडप आणि पिस्टनमधले अंतर किती बदलते हे कसे पाहावे? आणि पहिल्यांदा सुरू करण्याची रीत कोणी क्रमाने सांगेल का? इथे मेलबर्नमध्ये एकजण म्हणतो की पहिले हजार किलोमीटर हळू चालवावे, दुसरा म्हणतो लगेच भार द्यावा.

पुणे_टेस्टबेड

झडपांचे अंतर मोजण्यासाठी पिस्टनच्या खोबणींवर प्लॅस्टिसिनची पातळ चकती ठेवा, वापरणार तेच गॅस्केट घालून हेड आवळा, बेल्ट लावा आणि क्रँक हाताने दोन फेऱ्या सावकाश फिरवा. कुठेही अडले तर जोर करू नका. मग हेड काढून सर्वांत पातळ ठिकाणी माप घ्या. इनटेकला किमान २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर असावे. एक्झॉस्टची झडप अधिक तापून लांबते आणि पिस्टन तिच्या मागे धावत येतो, म्हणून तिथे जास्त जागा लागते. हेड किंवा ब्लॉक खाली गेला की क्रँक आणि कॅममधले अंतर कमी होते व बेल्टमुळे कॅमचे टायमिंग थोडे मागे पडते. त्यासाठी फिरवता येणाऱ्या कॅम पुली घालून, डिग्री व्हील आणि डायल इंडिकेटरने दोन्ही कॅम मोजूनच लावावेत. पुलीवरच्या खुणा जुळल्या एवढ्यावर समाधान मानू नये. बकेटांच्या शिमही यानंतरच निवडाव्यात.

पहिल्या सुरुवातीविषयी: पंप जोडताना त्याच्या पोकळीत पेट्रोलियम जेली भरलेली असावी, म्हणजे पहिल्या फेऱ्यांत तो हवा न ओढता तेल खेचतो. ऑईल फिल्टर भरूनच लावावा. इंजिन गाडीत बसल्यावर स्पार्क प्लग काढून, इग्निशन आणि इंधन पंप दोन्ही बंद ठेवून, स्टार्टरने थोडे थोडे फिरवावे आणि मध्ये स्टार्टरला गार होऊ द्यावे. गेजवर दाब दिसेपर्यंत आणि कॅमवर तेल पोहोचलेले डोळ्यांनी दिसेपर्यंत प्लग लावू नयेत. पाणी भरताना हवा काढण्याचा स्क्रू सैल ठेवून सावकाश भरावे. आतमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तापमानाचा काटा खोटे सांगतो आणि हेड तापते.

रिंगांच्या बाबतीत मी दुसऱ्या मताचा आहे. वरच्या रिंगेला भिंतीवर दाबून धरण्याचे काम मुख्यतः ज्वलनाचा वायू करतो. भार नसेल तर तो दाब नसतो, आणि तेवढ्यात होनिंगचे ताजे खडबडीत टोक झिजून भिंत चकचकीत होते. म्हणून सुरू झाल्यावर गळती आणि दाब पाहून, पाणी व तेल नेहमीच्या तापमानाला येऊ द्या, आणि तिथून डायनोवर (गाडीची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) मध्यम फेऱ्यांवर, कमी बूस्टमध्ये भार द्या व सोडा, असे आलटून पालटून करा. भार सोडताना इंजिनाने गाडी अडवली पाहिजे, कारण त्या वेळी रिंगांपाशी पोकळी होऊन तेल वर खेचले जाते आणि झिजेचे कण धुऊन निघतात. या काळात साधे खनिज तेल वापरा, सिंथेटिक नको. इंधनाचा नकाशा आधीच समृद्ध बाजूला ठेवलेला असावा आणि नॉकवर (डेटोनेशनच्या ठोक्यांवर) कान असावा.

गरम इंजिनावर दर हजार फेऱ्यांमागे सुमारे ०.७ बार दाब असावा, हा ठोकताळा लक्षात ठेवा.

कोल्हापूर_रिबोअर

यात एवढेच जोडतो. पहिले तेल डायनोवरून गाडी उतरण्याआधीच काढा आणि फिल्टर फेकून न देता कापून त्यातला कागद पसरून पाहा. रिंगांची करडी, लोण्यासारखी बारीक पूड पहिल्या वेळी दिसणारच. चमकणारे चपटे कण किंवा तांबूस झाक दिसली तर इंजिन पुन्हा सुरू करू नये. पूड लोखंडाची आहे की बेअरिंगची हे चुंबक फिरवून कळते. दुसऱ्या फिल्टरचा कागद पहिल्यापेक्षा स्पष्ट स्वच्छ निघाला की सिंथेटिक १५डब्ल्यू-५० भरा आणि मगच ट्यूनरला बूस्ट वाढवू द्या.

ऑकलंड_मशिनशॉप

क्रँकची पुढे-मागे हालचाल इंजिन गाडीत बसवण्यापूर्वी एकदा आणि क्लच जोडल्यावर पुन्हा एकदा मोजून घ्यावी. दोन प्लेटच्या क्लचचा दाब मोठा असतो, तो पेडल दाबल्यावर थेट थ्रस्ट बेअरिंगवर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर) येतो, आणि नव्या बेअरिंगवर तेल पोहोचण्याआधी पेडल दाबून स्टार्टर मारणे तिला सोसत नाही. म्हणून वर सांगितलेले स्टार्टरने फिरवणे गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, क्लचवर पाय न ठेवता करावे. गॅलरीच्या दाबमापकाचे आकडे मिळाले की इथे अवश्य लिहा. रेस्ट्रिक्टर बदलायची गरज पडली तर ते हेड काढल्याशिवाय होत नाही, म्हणून तो निर्णय बूस्ट वाढवण्याआधी घेतलेला बरा.